फेमराइट: कंपालातल्या लेखिकांनी स्वतःसाठी उभी केलेली संस्था

कंपालावासी

परवा इथल्या एका चर्चेत कुणीतरी विचारलं होतं की अचेबे, सोयिंका आणि न्गुगी यांच्यापलीकडे आफ्रिकेतल्या एकाही लेखकाचं नाव आपल्याला का आठवत नाही. त्याला उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी नोकरीनिमित्त कंपालात राहते. माझं उत्तर एकाच संस्थेभोवती फिरणार आहे. संस्थेचं नाव फेमराइट, युगांडातल्या लेखिकांची संघटना.

१९९५ च्या सुमारास मेरी करूरो ओकुरुट या मेकेरेरे विद्यापीठात साहित्य शिकवत होत्या. त्यांनी लिहिणाऱ्या काही बायकांना एकत्र बोलावलं. कुणाच्या वहीत कविता होत्या, कुणाचं कादंबरीचं बाड कपाटात पडून होतं. छापणार कोण, हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच होता. युगांडातलं प्रकाशन तेव्हा (आणि बरंचसं आजही) शालेय पुस्तकांवर चालायचं. क्रमिक पुस्तकाला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. नवख्या बाईच्या कथासंग्रहाला कोण विचारतो? १९९६ मध्ये संस्था सुरू झाली आणि या बायकांनी ठरवलं की प्रकाशकाच्या दारात उभं राहायचं नाही, आपणच प्रकाशक व्हायचं.

१९९८ साली त्यांची पुस्तकं एकापाठोपाठ बाहेर आली. करूरो ओकुरुट यांची 'द इन्व्हिजिबल वीव्हिल', आयेटा अ‍ॅन वांगुसा यांची 'मेमॉयर्स ऑफ अ मदर', सुझन किगुली यांच्या कविता 'द आफ्रिकन सागा' आणि अनेकींच्या कथांचा एक संग्रह. किगुलींचा कवितासंग्रह वर्षाच्या आत संपला. पुन्हा सांगते, कवितासंग्रह! पुढच्या वर्षी गोरेटी क्योमुहेंडो यांची 'सीक्रेट्स नो मोअर' आली. १९९९ मध्ये युगांडाच्या नॅशनल बुक ट्रस्टचे कादंबरीचे आणि कवितेचे असे दोन्ही पुरस्कार याच घरातल्या पुस्तकांना मिळाले.

पण मला सांगायचं आहे ते पुरस्कारांबद्दल नाही, सोमवारबद्दल. किरा रोडवर कामवोक्या भागात संस्थेचं घर आहे आणि सोमवारी संध्याकाळी तिथे वाचक-लेखक मंडळ भरतं. ज्याने काही लिहिलं असेल त्याने ते आणायचं, मोठ्याने वाचायचं आणि मग बाकीच्यांचं ऐकून घ्यायचं. वर्गणीची सक्ती नाही, पुस्तक छापलेलं असायला हवं अशी अट नाही. माझ्या मते ही संस्था जगली ती या सोमवारांवर. छापणं, पुरस्कार, परदेशी निमंत्रणं हे सगळं त्या खोलीतून निघालं. ती खोली नसती तर यातलं काहीच टिकलं नसतं.

इथे कुणी या लेखिकांपैकी कुणाला वाचलंय का? असेल तर जरूर लिहा.

ओवी

वाचतेय. मला एकही नाव माहीत नव्हतं, त्यामुळे आधी आभार.

एक प्रश्न. फक्त बायकांचीच संघटना कशासाठी? हेतू चांगलाच आहे, पण वेगळी चूल मांडली की मुख्य प्रवाहाला जबाबदारी झटकणं सोपं जातं. 'त्यांचं त्या बघतील' म्हणून मोकळे होतात लोक.

कंपालावासी

ओवी, प्रश्न रास्त आहे आणि इथेही तो सुरुवातीपासून विचारला जातो. तीन गोष्टी सांगते.

मेकेरेरे १९२२ ची संस्था. पूर्व आफ्रिकेतले बहुतेक नामवंत तिथून गेले. तिथे पहिल्या सहा मुलींना प्रवेश मिळाला तो १९४५ मध्ये. तोवर विद्यापीठाचं ब्रीदवाक्यच होतं, 'आपण पुरुष होऊ या'. मुली आल्यावर ते बदललं. म्हणजे लिहिणाऱ्या पुरुषांची एक अख्खी पिढी घडून गेल्यावर बायकांना फाटक उघडलं.

दुसरी गोष्ट, याच मेकेरेरेत जून १९६२ मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची ती गाजलेली परिषद भरली. अचेबे होते, सोयिंका होते. न्गुगी तेव्हा तिथलेच विद्यार्थी होते आणि आपल्या कादंबरीचं हस्तलिखित त्यांनी अचेबेंना दाखवलं. केनियाच्या ग्रेस ओगोट आणि रेबेका न्जाऊ अशा अगदी मोजक्या बायका तिथे होत्या. त्या परिषदेची छायाचित्रं पाहिली की कोण कुठे उभं होतं ते कळतं.

आणि तिसरी गोष्ट, वेगळी चूल म्हणालीस ते पुरतं खरं नाही. सदस्यत्व बायकांचं आहे, पण सोमवारच्या बैठकीला पुरुष येतात, वाचतात, टीका करतात आणि टीका ऐकूनही घेतात. फरक इतकाच की घर बायकांचं आहे आणि बाड निवडणं, संपादन, छपाईचा निर्णय हे सगळं त्यांच्या हातात आहे.

ग्रंथकीटक

उत्तम धागा. थोडी मागची भर घालतो, कारण १९९५ मध्ये शून्यापासून सुरुवात का करावी लागली हे त्याशिवाय कळणार नाही.

साठच्या दशकातलं कंपाला हे आफ्रिकेतल्या इंग्रजी साहित्याचं मोठं केंद्र होतं. १९६१ साली रजत नियोगी नावाच्या तरुणाने तिथून 'ट्रान्झिशन' मासिक सुरू केलं. नियोगी जन्माने कंपालाचे, घराणं बंगाली. खंडभरातल्या लेखकांचे वाद त्या मासिकात रंगत. ओकोट प'बिटेक यांची दीर्घकविता 'साँग ऑफ लाविनो' १९६६ मध्ये इंग्रजीत आली. मूळ रचना अचोली भाषेतली. शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या बाईसाठी आपल्याला टाकणाऱ्या नवऱ्याला खेड्यातली बायको सुनावते, असा तिचा घाट आहे. पूर्व आफ्रिकेच्या कवितेवर तिचा प्रभाव फार मोठा.

मग घसरण सुरू झाली. १९६८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारने नियोगींना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते मासिक घेऊन घानाला गेले. जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीनने सत्ता घेतली. पुढची आठ वर्षं लेखकांनी एकतर देश सोडला किंवा तोंड मिटलं. बायरन कावाद्वा हे लुगांडा भाषेतले मोठे नाटककार, राष्ट्रीय नाट्यगृहाचे संचालक. १९७७ मध्ये लागोसच्या महोत्सवात त्यांचं संगीत नाटक झालं. परत आल्यावर अमीनच्या माणसांनी त्यांना उचललं आणि मारून टाकलं. अमीन गेल्यावरही यादवी संपली नाही. १९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले तोवर छापखाने, पुस्तकांची दुकानं, मासिकं, वाचक यांची जी वीण असते ती पार उसवली होती. फाउंटन पब्लिशर्स हे तिथलं आजचं महत्त्वाचं प्रकाशनगृहसुद्धा १९८८ चं.

तेव्हा फेमराइटकडे फक्त 'बायकांची संस्था' म्हणून पाहू नये असं मला वाटतं. मोडलेल्या वाङ्मयीन व्यवहाराची पुन्हा उभारणी देशात ज्यांनी केली, त्यांत या बायका अगदी पुढे होत्या.

मांडवीतीर

ग्रंथकीटक, तुम्ही १९७२ वगळून पुढे गेलात, ते मी भरतो, कारण त्यात आमच्या गोव्याचा धागा आहे.

४ ऑगस्ट १९७२ ला अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. गुजराती व्यापाऱ्यांची कहाणी सर्वांना माहीत असते. गोवेकरांची फारशी नाही. कंपाला आणि एंटेबीत गोवेकर मोठ्या संख्येने सरकारी नोकरीत होते, कारकुनीपासून वरच्या हुद्द्यांपर्यंत. त्यांतल्याच एका घरात १९४० मध्ये पीटर नाझरेथ जन्मले. शिक्षण मेकेरेरेत, नोकरी युगांडाच्या अर्थखात्यात. 'इन अ ब्राउन मँटल' ही त्यांची कादंबरी १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली. आशियाई लोकांना देशाबाहेर काढतील, हे तिच्यात हकालपट्टीच्या हुकमाआधीच लिहिलेलं आहे.

ते पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेले आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. गोव्याच्या साहित्याचा एक महत्त्वाचा इंग्रजी संग्रह त्यांनीच १९८३ मध्ये संपादित केला. पणजीत बसून आम्ही जो संग्रह वाचतो तो कंपालात जन्मलेल्या माणसाने जुळवला आहे, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

कंपालावासी

मांडवीतीर, याला एक जोड देते. क्योमुहेंडो १९९७ मध्ये आयोवाच्या त्याच कार्यक्रमाला गेल्या. तिथे निवड झालेल्या त्या युगांडाच्या पहिल्या लेखिका. परत येऊन त्यांनी फेमराइटचं काम दहा वर्षं सांभाळलं.

तळटीप

सगळे कौतुक करताहेत, तर मी थोडं टोचून बोलतो. राग मानू नये.

फेमराइटच्या प्रकाशनांची यादी पाहिली. एचआयव्हीग्रस्त बायका, घरगुती हिंसा, मुलींची जननेंद्रिय-विच्छेदनाची प्रथा, उत्तरेतलं युद्ध. हे विषय कुणी निवडले? लेखिकांनी की निधी देणाऱ्यांनी? संस्था डच हिवोससारख्या परदेशी संस्थांच्या पैशावर उभी राहिली हे उघड आहे. परदेशी निधी येतो तेव्हा अर्जात 'सामाजिक परिणाम' असा रकाना असतो. तो भरायचा म्हणून साहित्य लिहिलं गेलं तर हाती येतो तो अहवाल. प्रेमकथा, विनोदी कादंबरी, भुताची गोष्ट यांना त्या रकान्यात जागा कुठली?

आणि १९६२ च्या परिषदेबद्दल हळवं होण्याआधी हेही लक्षात घ्या. ती परिषद आणि 'ट्रान्झिशन' या दोन्हींना काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या संस्थेचा पैसा होता. त्या संस्थेमागे अमेरिकेची गुप्तहेर संघटना सीआयए आहे हे १९६६-६७ मध्ये चव्हाट्यावर आलं. कंपालातल्या साहित्याला परक्या पैशाची सवय जुनी आहे.

ग्रंथकीटक

तळटीप, माहिती बरोबर. पण त्याच पैशावर भरलेल्या परिषदेतून न्गुगींसारखा वसाहतवादाचा कडवा टीकाकार पुढे आला, आणि त्या परिषदेत इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाच का बोलावलं, हा सवालही त्यांनीच पुढे सर्वांत जोरात विचारला. पैसा देणाऱ्याचा हेतू आणि त्यातून जे निपजतं ते, यांचं गणित इतकं सरळ नसतं.

कंपालावासी

तळटीप, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. यावर सविस्तर लिहिते, कारण या संस्थेचं सगळ्यात वेगळं काम तुम्ही ज्याला अहवाल म्हणता त्यातच आहे.

२००३ मध्ये त्यांनी 'टिअर्स ऑफ होप' काढलं. पद्धत अशी की लेखिका खेड्यांत गेल्या, अन्याय सोसलेल्या बायकांशी बोलल्या आणि त्या बोलण्यातून कथा लिहिल्या. पुढे तीच पद्धत उत्तर युगांडात वापरली. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर संघटना आणि सरकारी फौजा यांच्यातल्या वीस वर्षांच्या लढाईत तिथली खेडीच्या खेडी छावण्यांत कोंबली होती आणि मुलं पळवून त्यांना बंदुका दिल्या जात होत्या. २००९ चा 'फार्मिंग अ‍ॅशेस' हा संग्रह त्यातून आला. त्याच वर्षी सेबेई भागातल्या साबिनी जमातीतल्या बायकांचं जननेंद्रिय-विच्छेदनाबद्दलचं कथन आलं, आणि या प्रथेवर बंदी घालणारा कायदा युगांडात २०१० मध्ये झाला. एका पुस्तकाने कायदा झाला असा माझा अजिबात दावा नाही. त्यामागे कित्येक वर्षांची चळवळ होती. पण चळवळीत त्या बायकांचा स्वतःचा आवाज लिखित स्वरूपात फार कमी होता. तो या कामातून आला.

आता तुमचा प्रश्न. हे साहित्य की अहवाल? मी हे संग्रह वाचले आहेत. काही कथा खरोखरच सपाट आहेत. लेखिका मागे सरकली आहे आणि घटनांची यादी उरली आहे. पण काहींमध्ये बोलणाऱ्या बाईची वाक्यं जशीच्या तशी ठेवली आहेत. ती मध्येच विषय सोडून शेळ्यांच्या भावाबद्दल बोलायला लागते, पुन्हा मूळ गोष्टीवर येते, मग एकदम गप्प होते. अहवाल लिहिणाऱ्याने शेळ्या कापून टाकल्या असत्या. इथे त्या राहिल्या, कारण संपादन करणारी बाई स्वतः कथाकार होती. यातल्या निवडक कथनांचा 'आय डेअर टू से' हा संग्रह हिल्डा ट्वोंग्येइर्वे यांनी संपादित केला आणि तो २०१२ मध्ये शिकागोतून निघाला.

शिवाय हे संग्रह म्हणजे संस्थेचं अर्धंच काम. तिच्या सदस्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या, कविता, मुलांची पुस्तकं यांना असा काही साचा नाही. मिल्ड्रेड बार्या यांचा २००२ चा कवितासंग्रह आहे, त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा की पुरुषांना चॉकलेटं आवडतात पण ते सांगत नाहीत. कुठल्या अर्जाच्या रकान्यात बसवणार हे?

पैशाबद्दल तुमची काळजी मात्र मला पूर्ण पटते. परदेशी निधी तीन वर्षांचा असतो, पाच वर्षांचा असतो, मग निधी देणाऱ्याचं धोरण बदलतं. तेव्हा पुस्तकं कमी होतात, कर्मचारी कमी होतात. सोमवारच्या बैठकीला मात्र खुर्च्या आणि छप्पर एवढंच लागतं. म्हणून मी त्या बैठकीला धरून बसले आहे.

रानवारा

मी यांतल्या एका लेखिकेला वाचलं आहे, पण ती फेमराइटची आहे हे या धाग्यामुळे कळलं. मोनिका अराच द न्येको. त्यांच्या 'जांबुला ट्री' या कथेला २००७ चा केन पुरस्कार (आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेला दिला जाणारा) मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या युगांडाच्या पहिल्या.

कथा कंपालातल्या वसाहतीत राहणाऱ्या दोन मुलींची. जांभळाच्या झाडाखाली त्या एकमेकींच्या जवळ येतात, पकडल्या जातात, मग एकीला परदेशी धाडतात. मागे राहिलेली तिला उद्देशून बोलते आहे. त्या बोलण्यात शेजारणी, गॉसिप, वसाहतीतला वास, आईची नोकरी सगळं येतं, आणि मूळ गोष्ट जवळजवळ अंगाला न लावता सांगितली जाते. मी ती वाचून काही दिवस दुसरं काही वाचलं नाही.

ज्या देशात समलिंगी संबंधांविरुद्ध आधी २०१४ मध्ये कायदा आला, तो न्यायालयात टिकला नाही, आणि मग २०२३ मध्ये आणखी कठोर कायदा आला, त्या देशातल्या लेखिकेने हे २००७ च्या आधी लिहून ठेवलं होतं. तळटीप, निधीवाल्यांना खूश करायला कुणी असं लिहीत नाही हो. यात घरच्या माणसांना तोंड द्यावं लागतं.

ओवी

रानवारा, कथा आत्ताच शोधून वाचली. उद्या परत वाचणार.

तळटीप

रानवारा, मान्य. कथा मोठीच आहे.

पण दुसरा मुद्दा राहतो. संस्थापक करूरो ओकुरुट सत्ताधारी पक्षाच्या खासदार झाल्या आणि २०११ मध्ये माहिती व राष्ट्रीय मार्गदर्शन खात्याच्या मंत्री झाल्या. म्हणजे सरकारची बाजू मांडणं हेच काम. त्याच देशात २०१९ मध्ये डॉ. स्टेला न्यान्झी यांना राष्ट्राध्यक्षांवरच्या एका कवितेपायी दीड वर्षाची शिक्षा झाली. काक्वेन्झा रुकिराबाशाइजा या कादंबरीकाराला अटक झाली, छळ झाला, २०२२ मध्ये त्याला देश सोडावा लागला. लेखकांच्या संघटनेचं बळ अशाच वेळी कळतं ना?

कंपालावासी

हो, कळतं. आणि इथे राहत असल्यामुळे हा प्रश्न मला तुमच्यापेक्षा जास्त जवळून बोचतो.

करूरो ओकुरुट मंत्री झाल्या तेव्हा त्या संस्था चालवत नव्हत्या. क्योमुहेंडोंनी दशकभर सांभाळलेली जबाबदारी तोवर हिल्डा ट्वोंग्येइर्वे यांच्याकडे आली होती. संस्थापकाच्या मागे संस्था तीन पिढ्या चालावी ही साधी गोष्ट नाही. बहुतेक ठिकाणी अध्यक्ष गेले की कुलूप लागतं.

संस्थेने रस्त्यावर यावं की नाही, यावर इथले लेखकही एकमताचे नाहीत. ज्या शहरात कवितेसाठी तुरुंग होतो तिथे नोंदणी टिकवून, दार उघडं ठेवून बसणं यालाही किंमत आहे असं मानणारे आहेत. काहींना तो भित्रेपणा वाटतो. माझा कल पहिल्या बाजूला आहे, कारण नोंदणी गेली तर नव्या मुलीने आपलं बाड घेऊन जायचं कुठे? पण दुसऱ्या बाजूच्या माणसाला मी चूक म्हणणार नाही. न्यान्झींनी तुरुंगात लिहिलेल्या कवितांचा संग्रह २०२० मध्ये आला. या शहराला दोन्ही प्रकारची माणसं लागणार आहेत.

शाईचा डाग

मी छपाईच्या धंद्यातला. मला या सगळ्यात एकच गोष्ट विचारायची आहे. माल खपतो का? आणि नफा कोण खातो?

कंपालावासी

शाईचा डाग, धंद्याचा प्रश्न विचारलात, बरं वाटलं.

कथा-कादंबरीची आवृत्ती लहान असते. कंपालात अ‍ॅरिस्टॉकसारखी मोठी पुस्तकांची दुकानं आहेत, पण ती शहराच्या मध्यात आणि मॉलमध्ये. राजधानीबाहेर पडलात की दुकान म्हणजे वह्या, पेनं आणि क्रमिक पुस्तकं. त्यामुळे खरी विक्री पुस्तक-प्रकाशनाच्या कार्यक्रमात, शाळांच्या भेटीत आणि लेखिकेच्या स्वतःच्या पिशवीतून होते. पुस्तक शाळेच्या किंवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागलं तर मात्र चित्र एका वर्षात पालटतं. म्हणून लेखिका शाळांमध्ये जातात. त्यात वाचक घडवणं आहे आणि पोटाचा विचारही आहे, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही.

ज्या लेखिकांचं नाव बाहेर झालं त्यांची पुढची पुस्तकं बाहेर निघतात. क्योमुहेंडोंची 'वेटिंग' २००७ मध्ये न्यूयॉर्कहून आली. मग तेच पुस्तक कंपालात आयात होऊन येतं आणि इथल्या शिक्षिकेला परवडत नाही. या गाठीचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

ग्रंथकीटक

शेजारच्या नैरोबीचंही सांगायला हवं, नाहीतर वाटेल की हे एकच उदाहरण आहे. बिन्यावांगा वाइनाइना यांना २००२ चा केन पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी मित्रांबरोबर 'क्वानी?' हे नियतकालिक २००३ मध्ये काढलं. त्याच वर्षी त्यातल्याच कथेसाठी यव्होन अधिआंबो ओवूर यांना तो पुरस्कार मिळाला. या मंडळींनी पुढे हस्तलिखितांची स्पर्धा घेतली. २०१३ मध्ये ती जेनिफर मकुंबी यांच्या 'किंटू' ने जिंकली. मकुंबी युगांडाच्या, 'किंटू' ही बुगांडाच्या, म्हणजे कंपालाभोवतीच्या जुन्या राज्याच्या, इतिहासात खोल गेलेली कादंबरी, आणि ती आधी छापली गेली नैरोबीत. ब्रिटिश प्रकाशकांना ती 'फार आफ्रिकी' वाटली होती असं मकुंबींनीच मुलाखतींत सांगितलं आहे.

फरक असा की 'क्वानी?' एका तेजस्वी माणसाच्या भोवती उजळलं. तशी ऊर्जा फेमराइटकडे कधी नव्हती. पण फेमराइट दर आठवड्याला भेटत राहिली.

ओवी

भाषेचं काय? युगांडात लुगांडा आहे, अचोली आहे, रुन्यांकोले आहे. तरी सगळी पुस्तकं इंग्रजीत?

कंपालावासी

बहुतांश इंग्रजीत, हो. देशात चाळीसहून जास्त भाषा आहेत. उत्तरेची अचोली लेखिका आणि पश्चिमेची रुन्यांकोले बोलणारी लेखिका सोमवारी एका टेबलाशी बसतात तेव्हा इंग्रजीशिवाय इलाज नसतो. लुगांडात चालवावं तर ती राजधानीची आणि बुगांडाची भाषा, बाकीच्यांना ती दादागिरी वाटते. त्यामुळे इथल्या इंग्रजीकडे फक्त 'साहेबाची भाषा' म्हणून पाहिलं तर अर्धंच दिसतं.

तरी मला वाटतं की संस्थेचं सर्वांत मोठं राहिलेलं काम हेच आहे. उत्तरेतल्या बाईने अचोलीत सांगितलं, छापलं गेलं इंग्रजीत, आणि सांगणाऱ्या बाईला ते वाचता येत नाही. ती पुस्तकं तिच्या भाषेत तिच्या हाती पडायला हवीत. लाम्वाकांसारख्या (बिअट्रिस लाम्वाका, अचोली घरातल्या, पळवून नेलेल्या आणि परत आलेल्या मुलीची त्यांची कथा २०११ मध्ये केन पुरस्काराच्या अंतिम यादीत होती) लेखिकांकडे दोन्ही भाषा आहेत. त्यांच्या पिढीने हे केलं नाही तर पुढची करेल याची खात्री नाही, कारण कंपालात वाढणारी मुलं घरातही इंग्रजीच बोलायला लागली आहेत.

मांडवीतीर

हे वाचून कोंकणीच आठवली, पण तो वेगळा धागा होईल, इथे नको.

बाहेरच्या देशांतल्या लेखिका येतात का तिथे?

कंपालावासी

येतात. २००८ पासून संस्थेने आफ्रिकेतल्या लेखिकांसाठी निवासी शिबिरं सुरू केली. वेगवेगळ्या देशांतल्या लेखिका काही दिवस एकत्र राहतात, लिहितात, एकमेकींचं वाचतात. त्यांतून निघालेल्या कथांचे संग्रहही आहेत. २०१२ चा 'समनिंग द रेन्स' हा त्यांपैकी. शिबिराचा खरा फायदा विचाराल तर स्वयंपाक, मुलं आणि सासरची माणसं यांच्यापासून मिळालेले सलग दिवस. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेने मला सांगितलं की सकाळी उठून थेट लिहायला बसणं हे तिने लग्नानंतर पहिल्यांदा तिथे केलं.

क्योमुहेंडोंनी २००९ मध्ये आफ्रिकन रायटर्स ट्रस्ट नावाची वेगळी संस्था काढली. खंडात राहणारे आणि बाहेर गेलेले लेखक यांची गाठ घालून देणं हे तिचं काम. बेव्हर्ली नाम्बोझो यांनी कवयित्रींसाठी पुरस्कार सुरू केला, तो पुढे सगळ्या खंडातल्या कवींना खुला झाला. सोमवारच्या खोलीतून माणसं बाहेर पडतात आणि आपापलं काहीतरी उभं करतात, असं हे चाललंय.

रानवारा

कंपालावासीताई, मला यातल्या एक-दोन कथांचा मराठी अनुवाद करावासा वाटतोय. परवानगी कुणाकडे मागायची? लेखिकेकडे की संस्थेकडे?

कंपालावासी

अगं, फार छान होईल. ज्या संग्रहात कथा आहे त्याच्या हक्काच्या पानावर आधी नाव बघ. एकत्रित संग्रहाचा हक्क प्रकाशकाचा असला तरी सुट्या कथेचा बऱ्याचदा लेखिकेचाच असतो, त्यामुळे दोघांनाही एकाच वेळी लिहावं. कुठे छापणार, किती प्रती, मानधन देणार की नाही हे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिही. बाहेरचे लोक 'तुमचा आवाज जगापुढे नेतो' म्हणतात आणि पैशाचं नाव काढत नाहीत, याचा इथल्या लेखिकांना वीट आला आहे. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती पत्रात असू दे.

आणि 'फार्मिंग अ‍ॅशेस' मधलं काही घेणार असशील तर ज्या बाईची कहाणी आहे तिचीही संमती आहे का ते विचार. संग्रहासाठी दिलेली संमती मराठी अनुवादाला आपोआप लागू होते असं मी धरणार नाही.

रानवारा

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. मग आधी एखादी पूर्ण कल्पित कथा घेते, आणि लाम्वाकांना लिहिते.

शाईचा डाग

रानवारा, अनुवाद पूर्ण झाला की मला व्यक्तिगत निरोप करा. मानधनासकट एका छोट्या पुस्तिकेचा खर्च मी काढून देतो. शंभर-दीडशे प्रती सहज होतील.

तळटीप

मुद्रितशोधन माझ्याकडे.